मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर लगेच समुपदेशन सुरू करता येते का?

केवळ पदव्युत्तर पदवीच्या बळावर स्वतंत्रपणे समुपदेशन सुरू करणे योग्य नाही. त्याआधी अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष सल्लार्थींबरोबर दीर्घकाळ काम करावे लागते. याचे कारण असे की, सिद्धान्त पुस्तकातून शिकता येतात, ऐकणे मात्र चुका दाखवून दिल्याशिवाय सुधारत नाही: सल्लार्थीच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले सत्र मध्येच थांबवून पर्यवेक्षक विचारतात, "इथे त्या गप्प झाल्या, तेव्हा तुम्ही घाईने सल्ला का दिलात?" (ही पद्धत नवी नव्हे, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्येच एका संपूर्ण समुपदेशनाचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दशः संवाद प्रसिद्ध केले होते.) अर्थात, सरावाचे तास, नोंदणी आणि डॉक्टरेटची अट देशागणिक बदलते, अमेरिकेत 'मानसशास्त्रज्ञ' म्हणून परवान्यासाठी सहसा डॉक्टरेट लागते, समुपदेशकाच्या परवान्यासाठी मात्र सहसा पदव्युत्तर पदवी, पर्यवेक्षित सराव आणि परीक्षा एवढे पुरते.