आधी हात काय करत होते ते लिही

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे प्रकरण, दोन्ही वाचले. धर्मसुधारणेमुळे, म्हणजे सोळाव्या शतकात पोपच्या चर्चपासून प्रॉटेस्टंट पंथ फुटले त्या उलथापालथीमुळे, इंग्रज माणूस मोक्षाच्या बाबतीत धास्तावला, त्या धास्तीपोटी तो कष्टाळू झाला आणि त्या कष्टांतून पुढे भांडवलशाही उभी राहिली, अशी साखळी तू प्रकरणात मांडली आहेस. पत्रात मात्र लिहितेस की मूळ कागदपत्रांत ही धास्ती कुठे सापडतच नाही. सापडतात त्या मेंढ्या, मेणबत्त्या, भांडीकुंडी आणि जमाखर्च. मार्गदर्शक म्हणतात की भावनांचा इतिहास लिहायचा असेल तर भावना दाखवा. आणि म्हणून आता विषयच बदलावा काय. विषय अजिबात बदलू नकोस. तुला जे सापडले आहे तेच तुझे प्रकरण आहे. जी साखळी तू लिहिली आहेस ती माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्येच लिहून ठेवली आहे आणि ती पुन्हा लिहायला तुझी गरज नाही.

धीर धर, जमेल, वगैरे मी लिहीत बसत नाही. तुला त्याची आवश्यकता असती तर तू मला पत्र लिहिले नसतेस. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि पत्रभर तीच सांगणार आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या माणसाच्या मनात काय होते हे लिहिण्याआधी त्याचे हात काय करत होते ते लिही.

तू मोरबाथ गावच्या चर्चचे हिशेब 'पार्श्वभूमी' म्हणून दीड पानात उरकले आहेस, याचा मला सर्वांत जास्त राग आला. डेव्हनमधले, एक्समूरच्या दक्षिण कडेचे हे मेंढपाळांचे लहानसे गाव. तिथे ख्रिस्तोफर ट्रिचे हा एकच व्हिकार, म्हणजे गावचा पाद्री, १५२० पासून १५७४ पर्यंत होता, म्हणजे आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत चार राजवटी आणि धर्माच्या तितक्याच उलथापालथी त्याने एकाच वेदीपाशी उभे राहून पाहिल्या. त्याने अंतःकरण उघड करणारी रोजनिशी ठेवली नाही. त्याने चर्चचा जमाखर्च ठेवला, आणि तो वर्षाकाठी गावापुढे मोठ्याने वाचला जाई. त्यात अविवाहित मुलींचा वेगळा निधी आहे, तरुण मुलांचा वेगळा आहे, सेंट सिडवेल या संत स्त्रीच्या नावाचा वेगळा आहे. संतांच्या नावाच्या मेंढ्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत, आणि त्यांच्या लोकरीच्या पैशावर मूर्तीपुढचा दिवा जळे. १५३४ मध्ये चोराने शिडी लावून चर्च फोडले आणि प्याला व सिडवेलचा चांदीचा जोडा पळवला, तेव्हा गावातल्या तरुण मुलामुलींनी आपसांत वर्गणी करून, पॅरिशवर, म्हणजे गावच्या चर्चच्या तिजोरीवर, बोजा न टाकता, नवा प्याला आणला. इथे 'भक्ती' हा शब्द कुठेही नाही. तो तू घालूही नकोस. वर्गणी कोणी काढली, कोणाकडून काढली आणि हिशेबात ती कोणत्या सदराखाली आली ते लिही, वाचकाला कळते.

आता पुढे बघ. १५३८ च्या राजाज्ञेने मूर्तींपुढचे दिवे विझले. दिवा नाही म्हणजे दिव्यासाठीचा निधी नाही, निधी नाही म्हणजे मेंढ्या नाहीत, आणि मेंढ्या सांभाळणारे व वर्गणी काढणारे पदाधिकारीही नाहीत. हेन्रीचा प्रॉटेस्टंट मुलगा एडवर्ड याच्या राजवटीत पोचेपर्यंत त्या मुली हिशेबातून नाहीशा होतात. मुली गावातच होत्या, कातत होत्या, धारा काढत होत्या, लग्ने करत होत्या. पण गावाच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर करायचे जे एक काम त्यांच्याकडे होते ते गेले. धर्मबदल म्हणजे काय हे मला विचारशील तर मी आधी हेच दाखवीन. एका वयाच्या मुलींच्या हातचे काम काढून घेतले गेले, आणि त्यांना काय वाटले हे कोणी लिहून ठेवले नाही. तू तिथे 'त्यांना पोकळी जाणवली असावी' असे लिहिले आहेस. ते वाक्य खोडून टाक.

ट्रिचेच्या काळ्या वस्त्रांची हकीकत तर तू घेतलेलीच नाहीस. मृतांसाठीच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीला, नेसायची काळी वस्त्रे गावाला हवीत म्हणून त्याने जवळजवळ वीस वर्षे पैसा साठवला, थोडा थोडा करून. १५४७ मध्ये ती एकदाची आली, आणि त्याच वर्षी मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या संस्था बरखास्त करणारा कायदा पार्लमेंटने केला. दोन वर्षांत इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये बंड उठले, आणि मोरबाथच्या हिशेबात पाच माणसांना एक्सेटरजवळच्या बंडखोरांच्या छावणीकडे जाताना दिलेल्या पैशांची नोंद आहे. बंडाला सामील झाल्याचा लेखी पुरावा चर्चच्या खर्चाच्या वहीत! पुढे कॅथलिक मेरी गादीवर आल्यावर गावकऱ्यांच्या घरांतून जपून ठेवलेल्या वस्तू चर्चमध्ये परत आल्या. मधल्या वर्षांत त्या पेटाऱ्यांतून ठेवताना माणसांना भीती वाटली की हट्ट वाटला, की नुसता चांगल्या कापडाचा लोभ वाटला, हे प्रत्येक घरागणिक वेगळे असेल. पण हातांनी जपले, एवढे निश्चित आहे. तिथून पुढे जपून, एकेक पाऊल टाकत अनुमान कर.

तुझ्या साखळीतला 'कष्टाळूपणा' मला अजिबात पटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा तेच आहे: तू कामाकडे पाहिलेले नाहीस. १५३६ मध्ये, प्रॉटेस्टंट प्रवचनकारांचा फारसा प्रभाव पडण्याआधीच, १ जुलै ते २९ सप्टेंबर या सुगीच्या दिवसांतले बहुतेक सण रद्द करण्यात आले. कारण उघड सांगितले होते की सणांमुळे आळस वाढतो आणि उभी पिके वाया जातात. गावोगावच्या चर्चचे स्थापनादिन आपापल्या तारखांना न होता सगळीकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी व्हावेत, असेही ठरले. म्हणजे शेजारच्या गावाच्या जत्रेला जाणे बंद, कारण सगळ्यांची जत्रा एकाच दिवशी. १५५२ च्या कायद्याने रविवार सोडून २७ सण उरले, आणि सुगीत गरज पडल्यास त्या दिवशीही काम करण्याची मुभा मिळाली. इंग्रज मजूर जास्त दिवस राबू लागला असेल तर त्याच्या अंतरात्म्यात शिरण्याआधी हे कॅलेंडर वाच. आणि लोकांना हे गोड लागले असेही समजू नकोस. १५३६ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्टमोरलंडमधल्या कर्बी स्टीफन या गावी पाद्र्याने सेंट ल्यूकच्या सणाची घोषणा गाळली, तेव्हा लोक उठले आणि ती घोषणा त्याला करायला लावली. हा राग आहे, निखालस राग, आणि तो कोणा धर्मशास्त्रज्ञाच्या पोथीत नाही, सुटीच्या दिवसाच्या नोंदीत आहे.

तू म्हणशील की प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंटांनी, तर पानेच्या पाने मनाबद्दल लिहिली आहेत, तिथे हातांचे काय? तिथे तर अधिक. नेहेमाया वॉलिंग्टन हा लंडनच्या ईस्टचीपमधला कातारी, लेथवर लाकूड घडवून पोट भरणारा माणूस. त्याने पन्नास वह्या लिहिल्या, त्यांतल्या सात उरल्या आहेत. तरुणपणी त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले होते. तू त्या वह्यांतून तेवढेच उचललेस आणि त्याला 'चिंताग्रस्त प्युरिटन' हे लेबल लावून मोकळी झालीस. हा माणूस पहाटे उठून लिहितो, मग दुकान उघडायला उशीर होतो म्हणून स्वतःला दोष देतो, आणि दुकानात बसला की वाचन राहिले म्हणून पुन्हा दोष देतो. त्याचा अपराधभाव दिवसाच्या तासांच्या वाटणीत बसलेला आहे.

आणि १५ किंवा २० पाने चाळून पुढे न जाता तू १६२५ च्या प्लेगपर्यंत वाचत गेली असतीस, तर एलिझाबेथ तुला भेटली असती. त्याची ही मुलगी तीन वर्षांचीही नव्हती. वॉलिंग्टन लिहितो की बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती, मुलगी आनंदात होती, ती आईपाशी गेली आणि मोठ्या माणसाच्या थाटात तिला 'माझी बायको' म्हणून विचारू लागली की तू इथे काय करतेस. त्या रात्री अंथरुणात तिने बापाला सांगितले की उद्या मी बाहेर जाईन आणि तुमच्यासाठी प्लमची पाय विकत आणीन. तिचे त्याने ऐकलेले हे शेवटचे शब्द. पुढे तो इतका शोक करू लागला की बायकोने, ग्रेसने, त्याला सुनावले की या मुलीसाठी एवढे रडून तुम्ही देवाचा अपराध करत आहात. इथे धर्म आहे, दुःख आहे, नवरा-बायकोत दुःख कसे वाटले गेले तेही आहे. पण हे सगळे ज्या वाक्याला टांगले आहे ते वाक्य भांडी घासण्याचे आहे. मूल गेल्यावर बापाला तो क्षण आठवतो तेव्हा बायकोच्या हातातले काम त्याला आठवते. १९७७ साली एका नामवंत इतिहासकाराने लिहिले होते की त्या काळी मुले इतकी मरत की आईबाप त्यांच्यावर फार जीव लावत नसत. वॉलिंग्टनची ती नोंद सावकाश वाचणाऱ्याला ते पटणे अवघड आहे.

एसेक्समधल्या अर्ल्स कोनचा व्हिकार रॅल्फ जॉसलिन याच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याला तू बऱ्यापैकी न्याय दिला आहेस. १६४८ मध्ये तान्हे मूल गेल्यावर तो स्वतःचे पाप शोधू लागतो आणि त्याला सापडते ते वेळी-अवेळी बुद्धिबळ खेळणे. तुला हे हास्यास्पद वाटले. मला वाटत नाही. प्रवचन, शेती आणि रुग्णांकडे जाणे यांनी भरलेल्या दिवसात पटापाशी घालवलेला वेळ हाच एक तुकडा असा होता की ज्याचा हिशेब त्याला देवापुढे देता आला नाही. पापसुद्धा त्याने हातांच्या कामातच शोधले.

वेबरची अडचण अशी की त्याने मुख्यतः उपदेशकांचे ऐकले. किडरमिन्स्टरचा रिचर्ड बॅक्स्टर हा त्याचा आवडता साक्षीदार. पण त्याच बॅक्स्टरने लिहून ठेवले आहे की आपल्या गावचे विणकर मागावर उभे असताना समोर पुस्तक ठेवू शकतात. मला हा बॅक्स्टर हवा. ज्या धंद्यात हात चालू असताना डोळे मोकळे राहतात त्या धंद्यात एक प्रकारची धार्मिकता रुजते. नांगर धरणाऱ्याला ती सोय नाही. यावर तू प्रकरण लिहिलेस तर मी ते दोनदा वाचीन.

आता थोडे माझे. प्रबंधाच्या वेळी माझ्या परीक्षकांनी कळवले की चर्चच्या हिशेबांचे प्रकरण नीरस आहे, ते परिशिष्टात टाका आणि त्या जागी पूर्वनियतीच्या, म्हणजे मोक्ष कोणाला हे देवाने आधीच ठरवले आहे या, सिद्धांतावर लिहा. मी नकार दिला. पदवी लांबली, विभागातली जागा दुसऱ्याला मिळाली, घरातल्यांनी माझ्या तऱ्हेवाईकपणाची किंमत मोजली आणि ती मोजताना त्यांनी माझ्यापेक्षा जास्त संयम दाखवला. मला नकाराचा पश्चात्ताप नाही. खंत आहे ती ही की रागाच्या भरात मी ते प्रकरण टेबलाच्या खणात ठेवून दिले आणि तिथेच राहू दिले. तू म्हणशील की हे पत्र म्हणजे माझेच समर्थन आहे. असेल, पण म्हणून मोरबाथच्या मेंढ्या खोट्या ठरत नाहीत.

तुझ्या मार्गदर्शकांनी शेवटी 'मराठी संदर्भ' म्हणून फादर स्टीफन्सवर एक भाग घालायला सुचवले आहे. घाल, तो दुवा खरा आहे: एलिझाबेथच्या इंग्लंडमधून निघालेला विल्टशरचा कॅथलिक माणूस १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचतो आणि १६१६ मध्ये गोव्यातल्याच राचोलला त्याचे ख्रिस्तावरचे मराठी पुराण छापले जाते. परंतु 'मायदेशाला मुकलेल्या निर्वासिताची वेदना' हे जे उपशीर्षक तू योजले आहेस ते काढ. पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याने लंडनमधल्या वडिलांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात वारे आहेत, पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यातली अडचण आहे, खलाशांच्या सुजलेल्या हिरड्या आहेत, इथल्या माडाची दारू आहे. ज्या देशात त्याचा धर्म उघडपणे पाळता येत नाही तिथे राहिलेल्या बापाला मुलगा जहाजावरच्या कामाबद्दल तपशीलवार लिहितो, हीच तर नोंद आहे. तिच्यावर वेदनेचे लेबल कशाला?

महिनाअखेरीस मला मोरबाथच्या १५४७ ते १५४९ या वर्षांवर दहा पाने पाठव. त्यात काय विकले, किती पैसे आले, कोणी सही केली, कोणता निधी मिटला, हे सगळे असावे, आणि भावनावाचक शब्द एकही नसावा. ती पाने वाचून झाल्यावर कोणता शब्द कुठे घालता येईल यावर आपण भांडू. मार्गदर्शकांना सध्या यातले काही सांगू नकोस. नाहीतर ते मला फोन करतील आणि मला त्यांच्याशी गोड बोलता येणार नाही.

तुझा,
सर