वाचकांचे प्रश्न : ड्रॅक्युला प्रेमात पडला कधी?

प्रश्न : दिग्दर्शक कपोलाचा १९९२चा 'ड्रॅक्युला' पाहून मूळ कादंबरी वाचली, तर तिच्यात ती प्रेमकथा सापडलीच नाही! उलट 'प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झोंबीज' (२०१६) ना धड प्रेमकथा, ना भयपट. असं का होतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : सापडणार नाहीच. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला जोनाथनच्या बायकोची, मीनाची, मान धरून तिला बळेच आपल्या छातीवरचं रक्त पाजतो. पटकथाकार जेम्स हार्ट यांनी त्याला १४६२ सालातली, आत्महत्या केलेली पत्नी दिली आणि मीना तिचाच पुनर्जन्म ठरवली. (हिंदी सिनेमावर वाढलेल्यांना यात नवल वाटू नये.) एवढ्यानं तोच प्रसंग उलटा होतो : आता रक्त ती मागते आणि कचरतो तो. शेवटही बदलतो. कादंबरीत जोनाथनची कुकरी आणि त्याचा साथीदार क्विन्सी याचा सुरा काउंटला संपवतात. चित्रपटात त्याचं शिर मीनाच उतरवते. जवळ येणं आणि जिवावर बेतणं ही एकच कृती असल्यामुळे प्रेमकथा आणि भयकथा यांच्यात कुठे टाका दिसत नाही.

झोंबीपटात मात्र झोंबी, म्हणजे चालती प्रेतं, बहुतेक वेळ मूळ कादंबरीच्या लेखिका जेन ऑस्टिन यांचे संवाद संपायची वाट बघत बाहेर थांबल्यासारखे वाटतात. जमलेला प्रसंग म्हणजे नायक डार्सीनं नायिका एलिझाबेथला घातलेली लग्नाची पहिली मागणी. ऑस्टिनच्या १८१३च्या कादंबरीतली शाब्दिक चकमक इथे खरीखुरी हाणामारी होते. गंमत म्हणजे त्या खोलीत एकही झोंबी नाही.

प्रश्न : जुन्या वाड्यातला प्रसंग फक्त मेणबत्तीवर चित्रित करता येईल का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : येईल, पण साध्या मेणबत्तीचा उजेड अपुरा पडतो. 'द इनोसंट्स' या भयपटासाठी (१९६१) छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी चार-पाच वाती एकत्र वळलेल्या मेणबत्त्या वापरल्या होत्या. अशी मेणबत्ती भराभर वितळते, म्हणून सारख्या उंचीच्या सहा-सात हाताशी ठेवा. नाहीतर एका शॉटमध्ये ती वीतभर आणि पुढच्यात बोटभर दिसेल. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ १.४ ते १.८ इतकं मोठं उघडा, शटर १/५० सेकंद. एवढ्या उघड्या लेन्सवर फोकसची पट्टी अगदी अरुंद असते. नटी चार बोटं पुढे झुकली तरी डोळे धूसर होतात, तेव्हा जमिनीवर खुणा करा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंगसंतुलन) ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा ज्योतीचा पिवळेपणा पुसून टाकतो. ३२०० केल्विनवर पक्का करा. पात्र भिंतीपासून दोन मीटर तरी लांब हवं, म्हणजे मागे खरा काळोख उरतो. आणि पंखा बंद. ज्योत उगाच हलली की प्रेक्षक भुताची वाट बघू लागतो, आणि तुमच्या नायकाचं तर अजून पत्रच वाचून व्हायचं असतं.