दुसरीतल्या मुलीपेक्षा आठवीतल्या मुलाकडे बघा

ताई, शाळेच्या दुरुस्तीमुळे दोन महिने तास ऑनलाइन आहेत. मुलगी दुसरीत, ती दहा मिनिटांत उठून पळते. मुलगा आठवीत, तो "शांत बसतो, त्याचं काही नाही" असं तुम्ही लिहिलंय. मी २०२०-२१ मध्ये मोबाइलवरून सकाळी प्राथमिकचे आणि दुपारी हायस्कूलचे तास घेतलेत. मला काळजी त्या शांत बसणाऱ्याची वाटते.

दुसरीतलं मूल दहा मिनिटं बसलं तरी पुष्कळ. जुलै २०२० मध्ये केंद्राने 'प्रज्ञाता' ही मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोन तास होते. (पहिली आणि आठवी एकाच दावणीला! मला तेव्हाही पटलं नव्हतं.) लहान वर्गाचं निम्मं शिकणं सगळ्यांनी मिळून ओरडण्यात असतं. मोबाइलवर पाढे म्हणायला घेतले की कुणी बे त्रिकवर, कुणी बे पंचेवर. शेवटी सगळ्यांना म्यूट करायचं. एका चिमुरडीने तर 'क' तीनदा खोडला. स्क्रीनवर तिला स्वतःची वही आरशातल्यासारखी उलटी दिसत होती आणि मला इकडे सरळ! अक्षर कुठून सुरू केलं, पेन्सिल कशी धरली, हे तर शिक्षकाला दिसतच नाही. म्हणून तिच्यासाठी तास म्हणजे गोष्ट आणि गप्पा एवढंच धरा. अक्षर तुम्ही शेजारी बसून गिरवून घ्या. फक्त उत्तरं पुटपुटू नका. आमच्याकडे मुलाच्या आधी आईचा आवाज यायचा.

पाचवी-सहावीतली मुलं त्यातल्या त्यात मजेत. "सर, तुम्ही म्यूटवर आहात" हे मला त्यांनीच शिकवलं.

आठवीतला मुलगा "हजर सर" टाकतो, व्हिडिओ बंद करतो आणि मग कुठे असतो ते देवाला ठाऊक. "समजलं का?" विचारलं की पटापट "हो सर" येतं. वर्गात मागच्या बाकावरचा चेहरा बघून कळायचं की गाडी अडलीये. इथे नुसती नावं. शाळा सुरू झाल्यावर अवयव पाडायला दिले, तेव्हा त्या "हो सर"मधलं खरं किती ते कळलं. पण व्हिडिओ बंद करणारा प्रत्येक जण खेळतच असतो असं नाही. एक खोली, मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणी तरी बनियनवर फिरतंय. त्या वयात याची फार लाज वाटते. कारण न विचारता ओरडलं की मूल आणखी मिटतं.

दुसरं, हात. नुसतं बघून आणि टिक करून लिहिणं सुटतं. २०२२ च्या दहावी-बारावीला बोर्डाने ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला, तो लिहिण्याचा सराव मोडला होता म्हणूनच.

तुमच्याकडे एक लॅपटॉप, एक मोबाइल आहे ना? लॅपटॉप मुलाला द्या, खोलीत नको, हॉलमध्ये, पाठ भिंतीला लागेल असं बसवा. मागे घर दिसणार नाही आणि व्हिडिओ चालू ठेवायला तो कुरकुरणार नाही. संध्याकाळी "काय शिकवलं?" विचारू नका, "काही नाही" एवढंच उत्तर मिळेल. वही मागा आणि त्यातलं एक गणित तुमच्यासमोर परत सोडवायला सांगा. तुम्हाला येत नसेल तर आणखी बरं, त्यालाच समजावून सांगू दे.