कोळंबी घरी केली की वातड का होते?

तुम्ही विचारलंय की पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून ताजी कोळंबी आणूनही ती घरी वातड होते, वासही मागे राहतो. तर साफ कशी करायची आणि कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या? शिट्ट्यांचं आधी सांगतो. एकही नाही. कोळंबी कुकरमध्ये जातच नाही.

माझी आई मुरुडची, लग्न होऊन कसब्यात आली. ती म्हणायची, कोळंबीला विस्तव दाखवायचा, शिजत ठेवायची नाही. मी ते ऐकलं नाही. पहिल्यांदा स्वतः कोळंबी भात केला तेव्हा तांदूळ, मसाला, कोळंबी सगळं एकत्र कुकरला लावलं आणि तीन शिट्ट्या काढल्या. किलोभर कोळंबी आकसून बोटाच्या पेराएवढी झाली होती, चावता चावेना. चार माणसं जेवायला बोलावली होती. ते वाईट वाटणं अजून लक्षात आहे, म्हणून इतकं लिहितोय.

कोळंबीचं मांस फार नाजूक असतं. जास्त उष्णता मिळाली की आवळतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. मध्यम आकाराची, म्हणजे किलोला 40-50 बसणारी कोळंबी उकळत्या रश्श्यात तीन-चार मिनिटांत होते. करंदी, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, तर मिनिट-दीड मिनिटात. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. कच्ची कोळंबी करडी, अर्धपारदर्शक असते. तिच्यातला तांबूस रंग प्रथिनाला बांधलेला असतो, तो उष्णतेने सुटतो आणि ती गुलाबी-केशरी दिसू लागते. मांस मधोमध पांढरं झालं आणि कोळंबी चंद्रकोरीसारखी वळली की गॅस बंद. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण वेटोळं झालं, तर उशीर झाला असं समजा.

म्हणून क्रम उलटा करा. कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट तेल सुटेपर्यंत परता, खोबऱ्याचं वाटण आणि पाणी घाला, चार-पाच आमसुलं टाका, रस्सा चांगला उकळू द्या, चव घेऊन मीठ बघा. सगळं मनासारखं झालं की मगच कोळंबी सोडायची. भाताचंही तसंच: भात पाऊण शिजला, वर थोडं पाणी दिसतंय, तेव्हा मसाल्यात मिनिटभर परतलेली कोळंबी वर पसरायची आणि झाकण लावून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं ठेवायची.

आता साफ करणं. डोकं पिरगळून काढा, पोटाकडून पाय ओढले की कवच सुटतं. पाठीवर सुरीने वरवर चीर द्या, तिथे काळा दोरा दिसेल. ते तिचं आतडं. त्यात बऱ्याचदा रेती असते आणि ती दाताखाली कचकचते, म्हणून काढायचा. चीर द्यायची नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पेरामध्ये टूथपिक घालून अलगद उचला, अख्खा निघतो. बाजारात साफ करून देतात खरे, पण घाईत दोरा पुष्कळदा राहतो. घरी एकदा बघाच. आणि साफ केल्यावर वजन निम्म्याच्या आसपास भरतं. चौघांना पोटभर हवी असेल तर किलोभर घ्या.

बाजारात साफ करून घेतलीत तर डोकी आणि कवचं मात्र मागून घ्या. खरी चव तिथेच आहे. चमचाभर तेलात ती लाल होईस्तोवर परता, तीन वाट्या पाणी घालून दहा-बारा मिनिटं उकळा, डोकी जरा ठेचा आणि बारीक गाळणीने गाळा. हे पाणी कालवणात किंवा भातात घातलंत की कोळंबी उकळत ठेवून चव उतरवायचा मोहच होत नाही.

वासाचं म्हणाल तर ताज्या कोळंबीला समुद्राचा हलका वास असतो. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर मसाल्याने तो झाकू नका, टाकून द्या. घेताना अंग टणक आणि डोकं घट्ट चिकटलेलं आहे ना ते पाहा. पुण्याला समुद्र नाही, माल बर्फातूनच येतो, तेव्हा घरी येताच धुऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी करा. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा तळ्यांत वाढवलेली किंवा गोठवलेली घ्यायला हरकत नाही. गोठवलेली असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात अर्धा तास ठेवा. गरम पाणी नको, त्याने बाहेरून शिजते आणि आत बर्फ राहतो.

हळद-मीठ लावून पंधरा मिनिटं पुरे. आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू लावून तासभर ठेवाल तर आंबटानेच मांस घट्ट होऊ लागेल. तळायची असेल तर रवा लावण्याआधी फडक्याने कोरडी टिपा.

पहिल्यांदाच खाणारं कुणी असेल, विशेषतः मूल, तर आधी थोडीच द्या. कोळंबीची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टर गाठा.

राहिला घरातला वास. तो बहुतेक कवचांचा असतो. उकळलेली कवचं पिशवीत गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरा न्यायला ताई येतात तेव्हाच ओल्या कचऱ्यात द्या.