‘कामिसामा हाजिमेमाशिता’ सुरू करताय? आधी हे वाचा

देवता बनलेल्या नानामी या मुलीची ही जपानी गोष्ट. ॲनिमेपासून, म्हणजे ॲनिमेशन मालिकेपासून सुरुवात केलीत तरी हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. २०१२चा पहिला सीझन १३ भागांचा, २०१५चा दुसरा १२ भागांचा. हलकेफुलके, पटापट संपतात. मात्र अकुरा-ओ या खलनायकाचं प्रकरण तडीला जातं ते ज्युलिएट्टा सुझुकींच्या मूळ मांगातच, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये. २५ खंड आहेत. आकडा ऐकून दचकू नका, पानं भराभर उलटतात. फक्त उजवीकडून डावीकडे.

नानामीचा सेवक तोमोए याच्या भूतकाळावरचे चार ओव्हीए (टीव्हीऐवजी थेट डिस्कवर आलेले भाग) दोन्ही सीझननंतरच बघा. मी घाई केली आणि युकिजी कोण हेच कळेना!

नानामी होते ती ‘तोचिगामी’, साधारण आपल्या ग्रामदेवतेसारखी. पण गंमत अशी की तिचा सेवक असलेला तोमोए, एक कोल्हा-योकाई (जपानी लोककथांतला मायावी जीव), तिलाच घालूनपाडून बोलतो. पहिल्याच भागात ती झाडावरून पडत असते, तो मजा बघत असतो, आणि ती पडता पडता त्याचं चुंबन घेते. झाला करार! त्यानंतर तिने हुकूम सोडला की त्याला मुकाट ऐकावंच लागतं. शब्दात शक्ती असते, ही ‘कोतोदामा’ची जुनी जपानी समजूत.

जपानमधल्या इझुमो या ठिकाणचा प्रसंग येण्याआधी एक माहीत असू द्या. जुन्या पंचांगातल्या दहाव्या महिन्यात जपानभरचे देव तिथे जमतात असं मानतात. म्हणून एरवी त्या महिन्याला ‘देव नसलेला महिना’ म्हणतात, इझुमोत मात्र ‘देव असलेला’.