फी भरण्याआधी वॉर्ड मोजून ये

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. बाबा तुझ्या बीएस्सी नर्सिंगसाठी कर्ज काढतायत हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. चार वर्षांची फी, हॉस्टेल, मेस, पोस्टिंगला जायचं भाडं, सगळं तू मांडलंस. पण ज्या रुग्णालयात शिकणार, तिथे एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट येतात, ते मांडलं नाहीस.

शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डासाठी नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे तीन खाटांमागे एक सिस्टर. पण ते तिन्ही पाळ्या मिळून! 30 खाटांना दहा जणी, म्हणजे एका पाळीला जेमतेम तिघी. शिवाय रजांसाठी 30 टक्के जादा धरायच्या असतात. त्या जागा रिकाम्या राहिल्या की नाइटला एकटीच उरते. कॅलिफोर्नियात 2004 पासून कायदाच आहे. तिथे साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डातही पाच पेशंटमागे एक नर्स लागते, आणि तीही प्रत्येक पाळीत.

अमेरिकेतल्याच पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांचा संशोधक लिंडा एकन यांचा 2002 चा अभ्यास सांगतो, की नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्यांच्या महिन्याभरातल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. तो वाचताना मला माझं दुसरं वर्ष आठवलं. नाइटला एकच स्टाफ. तिने अर्धा वॉर्ड माझ्यावर सोपवला. बिचारी दुसरं करणार तरी काय? सलाईनचे थेंब कसे मोजायचे हे मला कुणी नीट दाखवलंच नव्हतं. एका आजोबांजवळ घड्याळ धरून पुन्हा पुन्हा मोजत बसले, आणि पलीकडच्या बाईंचा ताप चढत गेला तो पहाटे कळला. त्या वाचल्या. पण घरच्यांनी फी भरली होती ती मी शिकावं म्हणून. तिथे मी नुसती रिकामी जागा भरत होते.

सरकारी जीएनएमचाही, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचाही, विचार कर. तीन वर्षांचं आहे, फीही बरीच कमी. आणि कर्जाचा हप्ता मोठ्या पगाराच्या भरवशावर धरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतरच्या समितीने लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान 20,000 रुपये द्यावेत म्हटलं, तरी ते हातात पडतीलच असं नाही.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा रात्रपाळी सुरू होताना वॉर्डात जा. ओव्हर घ्यायला, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती घ्यायला, किती जणी उभ्या आहेत ते मोज. युनिफॉर्मवरून विद्यार्थिनी कळतील, त्यांना सोडून मोज. मग फोन कर, बाबांशी मी बोलते.

तुझी,
मावशी