पहिल्या मेळ्याला साखळी घालताना

अमेरिकेत एससीएच्या (सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम, मध्ययुगीन युरोपचं जीवन हौसेने उभं करणारी संस्था; तिची स्वतःची ‘राज्यं’ आणि राजे असतात) मेळ्याला पहिल्यांदा जाताना गळ्यात जाड सोनेरी साखळी चालेल का, असं विचारलं आहे. सुट्या कड्यांची, बिनपदकाची असेल तर घालू नका. कमरेला पांढरा पट्टा, टाचेला सोनेरी आर (घोडेस्वाराची टोचणी, स्पर) आणि अशी साखळी ही तिथे नाइटची खूण आहे. साखळी म्हणजे राजाशी निष्ठेची शपथ. म्हणूनच ही शपथ न घेणारे ‘मास्टर ऑफ आर्म्स’ नाइटच्याच दर्जाचे असूनही साखळी घालत नाहीत, पांढरा तिरका पट्टा घालतात. बारीकसारीक रूढी संस्थेच्या राज्यागणिक बदलतात, पण पदक लावलेली साखळी सहसा कोणाला खटकत नाही.

हा अर्थ आजच्या हौशी मंडळींनी नव्याने शोधलेला नाही. इंग्लंडच्या लँकेस्टर राजघराण्याची ‘एस’ अक्षरांची माळ म्हणजे ‘मी अमुक धन्याचा माणूस’ अशी जाहीर कबुली होती. चित्रकार होल्बाइनने १५२७ मध्ये रंगवलेल्या इंग्रज मुत्सद्दी थॉमस मोरच्या गळ्यात ती दिसते. चित्र न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे, जमल्यास जवळून पाहा.

तुमचा पोशाख वायकिंग काळातला असेल तर तारेची विणलेली साखळी घरीच करा. दिसायला ती आपल्या गोफाच्या जातीची. पुरातत्त्वात या विणीला ‘ट्रिचिनोपॉली’ म्हणतात, म्हणजे चक्क आपल्या तिरुचिरापल्लीवरून!

०.५ मिमीची मऊ, उघडी तांब्याची तार घ्या. लेप दिलेली नको, तापवल्यावर लेप जळतो. सुरुवातीला सहा फासे एकत्र बांधून पाकळ्यांसारखे पेन्सिलीवर पसरा. मग साधारण ७० सेंमी तार घेऊन, वरच्या फाशाच्या मुळाशी जिथे तार एकमेकींवरून जाते तिच्यामागून ओवत गोल फिरा. याहून लांब तार घेतली की पीळ पडतो, आणि पुढे साखळी तुटते ती नेमकी त्या पिळाशी. तार ५ सेंमी उरली की नवी जोडा. एक फासा सुटला तरी उभी ओळ फाटते, म्हणून प्रत्येक फेरीला सहा मोजाच.

विणून झाल्यावर लाकडी पट्टीला भोकं पाडा, प्रत्येक आधीच्यापेक्षा अर्धा मिमी लहान, आणि साखळी क्रमाने त्यांतून ओढा. ती बारीक, लांब आणि एकसारखी होते. घाईने दोन भोकं गाळली तर फासे चेपतात. ताठ वाटली तर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मगच पुढचं भोक. टोकांना टोपणं बसवली की मध्ये थोरचा (वायकिंगांच्या मेघगर्जनेच्या देवाचा) हातोडा लटकवा.